लॉजवरून गाव

बाबांनी परदेशी पासपोर्ट घेतला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण त्याचा अर्थ त्यांना खरा कळला तो चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, मुंबईच्या विमानतळावर. खिडकीतल्या माणसाने व्हिसावरचं ‘टुरिस्ट’ वाचलं, शिक्का मारला आणि सुट्टी मजेत घालवा म्हणाला. बाबा सामान येईपर्यंत धुसफुसत होते. ज्या घरात आपण जन्मलो तिथे जायला व्हिसा कसला, म्हणे. मी एकोणीस वर्षांची, इंग्लंडमध्ये जन्मलेली, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर रुंद हॅट आणि बॅगेत उन्हाचं मलम. माझ्यापुरतं त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं.

बाबा चौदा वर्षांनी गावी निघाले होते. मध्ये आजोबा गेले, तेव्हाही त्यांना पोचता आलं नव्हतं. विमानात त्यांनी मला दहा वेळा बजावलं, की तिथे आपण पाहुणे नाही, घरचे आहोत. कुणी वाढायची वाट बघायची नाही, हाताने घ्यायचं. एवढ्या एका गोष्टीसाठी ते सगळा खर्च करून निघाले होते. वेरूळ, अजिंठा आणि शेवटचे तीन दिवस गोवा, ही यादी माझी.

गाव कुंभार पिंपळगावच्या पुढे, कच्च्या रस्त्यावर. घरात बाबांचे थोरले भाऊ आणि काकू. पहिल्या रात्री बाबा चुलीपाशीच पाट ओढून बसले, टोपलीतली भाकरी स्वतःच्या हाताने घेतली आणि काकूंना चटणी कमी तिखट झाली म्हणून चिडवलं. काका हसत होते. चौदा वर्षं मध्ये गेली असं कुणाला वाटलं नसतं.

घरात संडास नव्हता. पहाटे काकूंनी माझ्या हातात टमरेल दिलं आणि बायकांच्या घोळक्याबरोबर मला पाठवलं. त्या बसल्या बसल्या मला लंडनमध्ये कांदा काय भाव मिळतो ते विचारत होत्या. मी तशीच परत आले. गोठ्यामागे बाबांना गाठून रडले, आणि या घरात आता एकही रात्र राहणार नाही म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, ते आठवलं की अजून माझीच मला लाज वाटते. बाबांनी मला एका शब्दाने समजावलं नाही. ओट्यावर जाऊन त्यांनी काकांना सांगितलं, की जालन्याला थोडी कामं आहेत, मुक्काम तिकडेच करावा लागेल. काका ‘बरं’ म्हणाले.

मग आम्ही जालन्यात लॉजवर उतरलो आणि रोज भाड्याच्या जीपने दोन तास जाऊन गाव बघू लागलो. सकाळी अकराला पोचायचं, पाच वाजता परत फिरायचं. मला हे झकास जमलं. मी बाटलीतलं पाणी पीत हिंडत होते आणि दिसेल त्याचे फोटो काढत होते. एका बैलाचे इतके काढले, की काकांनी शेवटी मला समजावून सांगितलं, तो विकायचा नाही आपल्याला.

तिसऱ्या दिवशी शेतात हुरडा होता. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. चोळतात ते घरचे, खातात ते पाहुणे. बाबांनी आरातून एक कणीस ओढलं आणि चोळायला घेतलं. त्यांचे हात कारकुनी करून मऊ पडलेले. चटका बसला तरी त्यांनी कणीस सोडलं नाही. काकांनी ते शांतपणे त्यांच्या हातून काढून घेतलं, स्वतः चोळलं आणि दाणे पळसाच्या पानावर घालून त्यांच्यापुढे ठेवले. बाबांनी एक-एक दाणा तोंडात टाकला. मी चवीचं कौतुक करत बसले होते.

निघायच्या दिवशी काकूंनी पाट मांडला. आधी मला बसवलं, कुंकू लावलं आणि मांडीवर ड्रेसचं कापड ठेवलं. घरच्या लेकीला रिकाम्या हाताने धाडत नाहीत, म्हणाल्या. मला एकदम भरून आलं. चार दिवस नाक मुरडूनही या बाईने मला घरची म्हटलं होतं. मग त्याच पाटावर काकांनी बाबांना बसायला सांगितलं आणि ताटात टॉवेल, टोपी, नारळ आणून ठेवला.

बाबा बसले नाहीत. आमच्याकडे निघताना टॉवेल-टोपी करतात ती जावयाला, व्याह्याला. भावाला त्याच्याच घरात कुणी करत नाही.

“दादा, मला टोपी?” बाबा म्हणाले. “मी काय सोयरा आहे?”

काकांचा आवाज चढला नाही. “एक रात ऱ्हायलास अन् लॉजवर गेलास. घरचा माणूस लॉजवर उतरतो का? कामून गेल्तास, सांग बरं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, क्षणभरच. मला सगळं कळलं. पोरीला जमेना, एवढे दोन शब्द त्यांनी बोलायचे होते, किंवा मी. माझ्या हातात ते कापड होतं आणि मला घरची लेक राहायचं होतं. मी खाली बघितलं.

“काम होतं,” बाबा म्हणाले, आणि पाटावर बसून त्यांनी मान वाकवली. काकांनी टोपी नीट दोन्ही हातांनी घातली.

त्यानंतर बाबा दोनदा गावी गेले आणि दोन्ही वेळा जालन्यालाच उतरले. एकदा काम आहे म्हटलं, की ते निभवावं लागतं. भावांमध्ये भांडण झालं नाही. पत्रं येत राहिली, फक्त काकांच्या पत्रात शेताचं काही नसे. पाऊसपाणी बरं आहे, सर्वांना आशीर्वाद. पुढे मी लग्न होऊन पुण्यात आले, मराठी लिहा-वाचायला शिकले, ती सगळी पत्रं वाचली. तेव्हा मला कळलं, की परक्याला लिहितात तशी ती लिहिली होती. त्याबद्दल मी बाबांशी कधी बोलले नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. इतका चांगुलपणा त्यांनी करायला नको होता असं मला रागाने वाटतं, आणि मग राग माझ्यावरच येतो.

बाबा गेल्यावर वर्षभराने मी एकटी एसटीने गावी गेले आणि घरातच राहिले. काकांच्या सुना आल्या होत्या, मागच्या अंगाला आता संडास होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर मी काकांना सगळं सांगितलं. टमरेलाचं, गोठ्यामागचं, आणि जालन्याला कसलंही काम नव्हतं तेही. आत काकू तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.



“एवढंच होतं?” काका म्हणाले. “मंग सांगायचं न्हाई का त्यानं. चार दिवसांत बांधला असता मी.”