अंगठ्याची खांदमळणी

इंदापुरात दवाखाना टाकून मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका सकाळी अंथुर्ण्याचा एक म्हातारा शेतकरी आला. ऊस तोडताना कोयता निसटून त्याच्या डाव्या अंगठ्याचं बूड खोलवर चिरलं होतं. जखम धुऊन, आतला स्नायू तुटलाय का ते बघायला मी म्हटलं, "आबा, अंगठा करंगळीला लावा बघू."

त्यानं लावला. जखमेच्या तळाशी एक तांबडा स्नायू हळूच आखडला आणि अख्खा अंगठा तळहातावरून ओढून घेऊन गेला. कॉलेजात मी तो मेलेल्या हातातून सोडवून काढला होता, त्याचं लांबलचक नाव घोकलं होतं. राबताना मात्र त्या दिवशीच पाहिला.

म्हाताराही वाकून बघत होता. दुखणं विसरून त्यानं पुन्हा अंगठा हलवला.

"डाक्तर, ह्यो जल्मभर आत राबतोय व्हय? बेंदराला आमी बैलाचं खांदं मळतो, लोणी-हळद लावून. ह्याला कधी बोटभर लावलं न्हाय."

टाके काढायला आला, तेव्हा त्या जागी लोणी-हळद चोपडलेली. मी रागावणार होतो, पण जखम छान मिटली होती. तो गेल्यावर, हात धुण्याआधी, बोटांना लागलेलं ते लोणी मी माझ्या अंगठ्याच्या बुडाला चोळलं.