नाहीबाईंची लेबलं

रुग्णालयाच्या तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये त्या बारा वर्षं काम करत होत्या. कोणी काही मागितलं की पहिला शब्द ‘नाही’, म्हणून आम्ही सगळे त्यांना नाहीबाई म्हणायचो. तोंडावरसुद्धा. त्या हसायच्या.

एकाच मोठ्या सर्व्हरवर त्या चार व्हर्च्युअल मशीन चालवायच्या: रक्ततपासणी, एक्स-रे, औषधं आणि कँटीन. एका घरात चार बिऱ्हाडं असावीत तशी. प्रत्येकाच्या फायलींना वेगळं लेबल. लेबल जुळलं नाही तर सर्व्हर फाईल उघडूच द्यायचा नाही, मग मागणाऱ्याने ॲडमिनचे सगळे अधिकार मिळवलेले का असेनात.

एका सोमवारी एक्स-रेचं व्हर्च्युअल मशीन सुरूच होईना; पडद्यावर ‘लेबल जुळत नाही’ एवढंच. एक्स-रेचे डॉक्टर तणतणत खाली आले.

“बाई, ती लेबलांची भानगड दहा मिनिटं बंद करा ना!”

“नाही.”

“पेशंट ताटकळलेत हो!”

“माहितीये. म्हणून तर हात चालवतेय. तुम्ही असे डोक्यावर उभे राहू नका. बसा.”

डॉक्टर मुकाट्याने खोक्यावर बसले. बाईंनी नोंदी चाळल्या. आदल्या दिवशी फायली दुसऱ्या डिस्कवर हलवताना एकीचं लेबल चुकलं होतं. ते नीट लावलं आणि मशीन सुरू झालं. तरीही डॉक्टर आठवडाभर “हट्टी बाई आहे” असं सांगत फिरले.

चार महिन्यांनी कोणीतरी बाहेरून कँटीनच्या मशीनमध्ये शिरलं. तिथून निसटून थेट सर्व्हरपर्यंत पोचलं, आणि रुग्णांच्या फायली उघडायला गेलं. नोंदींमध्ये पानंच्या पानं एकच ओळ: परवानगी नाकारली. एकही रिपोर्ट बाहेर गेला नाही.

बैठकीत रुग्णालयाचे मोठे साहेब म्हणाले, “बाई, तुमच्यामुळे वाचलो.”

सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या एक्स-रेच्या डॉक्टरांनी. बाई मात्र मान खाली घालून बसल्या होत्या.

“साहेब, तो शिरलाही माझ्यामुळेच. कँटीनच्या मशीनचं सुरक्षेचं अपडेट तीन आठवडे पडून होतं. म्हटलं, कँटीनचंच तर आहे, करू सावकाश.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

दुपारी जिन्यात बसून त्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. बोलता बोलता रडल्या. मग डोळे पुसून खाली गेल्या आणि कँटीनचं मशीन पहिल्यापासून उभं करायला घेतलं. पाच वाजता चहाची कुपनं निघू लागली.