झाशीची पोथी आणि मागे राहिलेलं पान

आमच्या नाशिकच्या अभ्यासमंडळात माणसं सात आणि मतं आठ. वर्षभर वाचायला जुना ग्रंथ कोणता घ्यायचा, यावर तीन रविवार भांडून झाले. माझ्या आईचे चुलतभाऊ दत्तूमामा झाशीला असतात. घरातल्या पोथ्या वाचणाऱ्याला द्यायच्या म्हणत होते. "मीच निवडून आणते," असं सांगून मी निघाले, तेही भलीमोठी रिकामी बॅग घेऊन. हाव, दुसरं काय!

मी मार्चअखेरीस गेले, तुम्ही थंडीत जा. नाशिकहून थेट गाड्या आहेत, आरक्षण मात्र आधी करा. स्टेशनवरून इलाइट चौराह्यापर्यंत ऑटो मिळते. तिथे मामांचा मुलगा सुधीर भेटला. तिथल्याच एका ऑफिसात तो कारकून आहे. त्याने आधी कचोरी-जिलबी खाऊ घातली, मग स्कूटरवरून घरी नेलं.

"दीदी, सब ले जाइए, हमसे नहीं पढ़ा जाता," तो म्हणाला. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"सगळ्या नेऊन काय करशील? एकच ने, वाचशील ती," त्यांनी मला अट घातली.

मी लाल रेशमात बांधलेली, हळदकुंकू माखलेली पोथी उचलली. "तिची फक्त पूजा झाली," मामा हसले, "पान कोणी उलटलं नाही." मग त्यांनी कडा तेलकट झालेली, कोपरे झिजलेली एक पोथी सोडून पुढे ठेवली. जुन्या मराठीतला गुरुशिष्यांचा संवाद होता. उकडत होतं म्हणून मी पंखा लावला. पोथीची पानं सुटी असतात, हे नाशिकच्या विदुषी विसरल्या!

"अगं बये, बंद कर तो!" मामा ओरडले, तोवर पानं घरभर झाली होती.

पानांवरचे आकडे झिजलेले. म्हणून प्रत्येक पानाचा शेवट वाचायचा आणि पुढचं पान हुडकायचं. सुधीर अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचायचा, मामा अर्थ सांगायचे. शिष्य इतका चोख भांडत होता की दुपार कशी गेली कळलंच नाही. पोथी ठरली. एकच पान काही सापडेना. "मिलते ही भेज दूँगा," सुधीर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बसने बरुआसागर केलं. तळं आणि किल्ला, अर्धा दिवस पुरतो. निघताना मामांनी पोथी नीट बांधून माझ्या हाती दिली. "घरात वाचणारं कोणी उरलं नाही गं. तुझ्याकडे तरी वाचली जाईल." मला फार वाईट वाटलं, तरी पोथी घेऊन आलेच.

नाशिकला मंडळ नेमकं त्या पानाशी अडलं. दोन आठवडे वाट पाहून मी फोन केला.

"कपाट के पीछे मिला, दीदी," सुधीर म्हणाला. "रोज पढ़ता हूँ. चेला पूछता है, सब समझ में आ गया, तो फिर डर क्यों लगता है? आणि पान संपलं! गुरुजी ने क्या कहा?"

"हिंदीत सांगू?"

"नाही, मराठीत वाचा. पापा भी बैठे हैं."

मी पुढचं पान वाचलं. मामा मध्येच थांबवून अर्थ सांगत होते, आणि सुधीर म्हणत होता, "आगे?"

अडलेल्या पानाचा फोटो सुधीरने पाठवला, बाकीची झेरॉक्स मंडळाने काढून घेतली. पोथी मी झाशीला परत पाठवली.