मोबाईलातली बाई

मी, सून आन नात, आमी तिघीच व्हतो तवा. उसाचं पाचट जळाल्याचा वास आला, की कोऱ्हाळ्यातली ती धुरकट सांज डोळ्यापुढं तरंगती. माझं गुडघं आखडल्यालं, उसाच्या बांधापातुर बी जाता येत न्हवतं. नातीनं मोबाईलात व्यायामाची ॲपं बघितली, इंग्रजी बोलणारी काढून टाकली आन मराठी बोलणारं तेवढं ठिवलं. मी उंबऱ्यावर बसून पाय उचलला. आतली बाई म्हणली, “शाब्बास! आता थोडं थांबा.” मी म्हणलं, “तू बी दम खा बाई, च्या घे.” सून हसली, “आत्याबाई, तिला बशी देऊ का?” मी दुसरा पाय उचलला. जल्मभर ऊस तोडला, पर शाब्बास त्या सांजंलाच ऐकलं. आता बांधापातुर चालती. तुमच्या घरातली म्हातारी पाय उचलत आसंल, तर तुमी बी तिला शाब्बास म्हणा.