मामंजींच्या नावाने आलेला फोन

अगं ये इकडे, अशी जवळ बस. तू तिकडे घोडबंदर रोडला आणि मी इथे डोंबिवलीत, पण लिहिताना मी तुला समोरच बसवलंय असं धर. आणि थोडं ऐकूनही घे. वीज कापणार म्हणून मेसेज आला, तू घाबरून त्यातल्या नंबरावर फोन लावलास, पैसे गेले. होतं असं, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण 'मावशी, कुणाला सांगू नकोस, लोक हसतील' हे काय गं? चोरी त्याने केली आणि तोंड तू लपवतेस? एवढी शिकलीस, ऑफिसात माणसांना कामाला लावतेस, आणि चौकीची पायरी चढायला लाजतेस. मी सातवी शिकलेली बाई, मी चढलेय. कशी ते सांगते. मग काय लाजायचं ते लाज.

आमच्याकडे फोन आला तो नव्वद साल उलटल्यावर. नंबर लावलेला मात्र मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझं लग्न नवं होतं तेव्हा. तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची रीतच होती. मामंजी वाट बघता बघता गेले, आणि ते गेल्यावर एक दिवस लाइनमन वायरचं वेटोळं खांद्यावर टाकून दारात उभा. सासूबाई म्हणाल्या, त्यांनी नंबर लावला, त्यांच्याजवळच राहू दे. म्हणून मामंजींच्या हार घातलेल्या फोटोखाली फळी ठोकली आणि तिच्यावर तो काळा फोन बसवला. नाव बदलून घ्यायचं तर टेलिफोनच्या ऑफिसात खेटे घालायला हवेत, म्हणून ह्यांनी ते काम आज करू, उद्या करू म्हणत ठेवून दिलं. त्यामुळे डिरेक्टरीत मामंजीच छापले गेले, पत्त्यासकट. सरकारी कागदावर माणूस अजून जिवंत.

त्यांचं नाव काय, ते मी इथे लिहिणार नाही. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. बायको नवऱ्याचं घेते ते उखाण्यात, तेही चार बायकांनी अडवून धरल्यावर. मामंजींचं नाव एका देवाचं. आरतीत तो देव आला की मी तेवढ्यापुरते नुसते ओठ हलवायचे. हसू नकोस. आमच्या गल्लीत जो चोर आला, त्याचा सगळा धंदा ह्या रिवाजावरच चाललेला.

समोरच्या इमारतीत एक सून होती, माझ्याहून बरीच लहान, कोकणातली. नवरा शीळफाट्याच्या बाजूला एका कारखान्यात मशीनवर. सासू कडक, पण मनाने वाईट नव्हे. एका दुपारी सासू खडवलीला लेकीकडे गेलेली, ही घरात एकटी, आणि फोन वाजला. पलीकडचा माणूस म्हणाला, कामाच्या ठिकाणावरून बोलतोय, तुमच्या मिस्टरांना जबर लागलंय, ठाण्याला हॉस्पिटलात हलवलंय. हिने कसंबसं विचारलं, कोणाला? तर त्याने नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं खडखडीत म्हणून दाखवलं. आता तू विचार कर. जे नाव आपण कधी जिभेवर येऊ देत नाही ते परक्या माणसाने असं उच्चारलं, की दुसरा पुरावा कशाला लागतो? तिने नुसतं 'हो' म्हटलं. तो म्हणाला, ऑपरेशनच्या आधी डिपॉझिट भरायचंय, घरात पैसे नसले तर दागिना द्या, आमचा माणूस पाठवतो. माणूस आला. चप्पल बाहेर काढून, नमस्कार करून, पाणी पिऊन, कपाटातल्या सासूच्या पाटल्या घेऊन गेला. संध्याकाळी नवरा मेथीची जुडी घेऊन धडधाकट घरी.

तक्रार केली का? छे. नवरा म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, पोलिसांचा फेरा नको. आणि मूठ झाकली ती सगळी हिच्या मानगुटीवर. कारण तेव्हाच हिच्या भावाने गावाला रिक्षा घेतलेली. खडवलीहून सासू आली, तिने सगळं ऐकलं आणि जिन्यात भाजीवालीसमोर म्हणाली, "भावाच्या रिक्षेला माझ्या पाटल्यांची चाकं लागली." फोनबिन सगळी बनवाबनवी, असं तिचं ठाम मत. मे महिन्याची सुट्टी लागली की माहेरी जा आणि पाटल्या घेऊनच ये, नाहीतर तिकडेच राहा, असं सुनेला सांगून टाकलं. नवरा आईपुढे गप्प. ती माझ्याकडे येऊन रडायची. मी तिला म्हणायचे, माझा विश्वास आहे गं. पण माझ्या विश्वासाला विचारतो कोण? फोन आला होता ह्याला साक्षीदार म्हणून फक्त तो फोनच, आणि तो बोलेल तर ना.

सुट्टी तोंडावर आली आणि दुपारी आमच्याकडे फोन वाजला. "साहेबांच्या मिसेस का?" माणूस मोठा अदबीचा. मी म्हटलं, कोण साहेब? त्याने मामंजींचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. म्हणाला, ऑफिसात चक्कर येऊन पडलेत, ठाण्याला हॉस्पिटलात नेलंय, तुम्ही घाबरू नका. मी मान वर करून फोटोकडे बघितलं. मामंजी हार घालून शांत बसलेले. आधी मला हसू आलं, आणि लगेच असा संताप आला की कानशिलं तापली. मेलेल्या माणसाला चक्कर आणतोस? म्हणजे हा डिरेक्टरी पुढ्यात घेऊन एकेक नाव वाचत बसलाय, आणि आपल्या बायका नाव ऐकून 'हो' म्हणतायत. कुणी तक्रार केली नाही म्हणून भीड चेपून त्याच गल्लीत परत आलाय.

मी आवाज रडका केला. म्हटलं, पैसे नाहीत हो घरात, पण बांगड्या आहेत. तो म्हणाला, माणूस पाठवतो.

फोन ठेवला आणि तशीच पायात स्लिपर सरकवून समोर धावले. सुनेला घेतलं, पण मला खरी हवी होती तिची सासू. त्या काकू भांडी घासत होत्या. म्हटलं, काकू, तुम्हाला तो फोन खोटा वाटतो ना, मग चला, त्या फोनचा माणूस माझ्या दारात येतोय, तुमच्या कानांनी ऐका. त्या म्हणाल्या, तुझंही हिला सामील होणं चाललंय वाटतं. पण राखेचे हात धुऊन आल्या. दोघींना स्वयंपाकघरात पडद्यामागे बसवलं. एवढ्यात बेल वाजली, आणि मी पोचायच्या आत सासूबाईंनी दार उघडलं.

माणूस सुनेने सांगितला होता तसाच, चप्पल बाहेर, हात जोडलेले. सासूबाईंचं पांढरं डोकं आणि रिकामं कपाळ बघून त्याला वाटलं ही साहेबांची आई असणार. म्हणाला, आजी, काळजी करू नका. सासूबाईंनी विचारलं, कोणाची काळजी? त्याने पुन्हा मामंजींचं नाव घेतलं आणि वर म्हणाला, "शुद्धीवर आलेत. सारखी तुमचीच आठवण काढतायत."

"माझी?" सासूबाई म्हणाल्या. "जिवंतपणी तर कधी काढली नाही."

त्याला काही कळेना. सासूबाईंनी फोटोकडे बोट दाखवलं. फोटोखाली रंगाऱ्याने नाव घातलेलं, आणि त्याच्या आधी कैलासवासी. ते वाचताना त्याचा चेहरा जसा झाला तसा मी नंतर कुणाचाच बघितला नाही. तेवढ्यात पडद्याआडून सून बाहेर आली आणि म्हणाली, "हाच. आई, हाच तो." तो वळला आणि जिन्यावरून अनवाणी सुटला. आम्ही ओरडलो, खालचा इस्त्रीवाला धावला, पण कोपऱ्यावर स्कूटर सुरू ठेवून कुणीतरी उभं होतं. गेले. काकू मात्र आमच्या हॉलमध्ये लादीवरच बसल्या.

आता पुढे काय? खालचे, शेजारचे, सगळे म्हणाले, तुमचं काही गेलं नाही, देवाने वाचवलं, सोडून द्या. मी म्हटलं, सोडलं म्हणूनच तर हा परत आला. त्याच्या दारात राहिलेल्या चपला पिशवीत घातल्या आणि आम्ही चौघी बायका चौकीत गेलो. ह्यांना कळवलंसुद्धा नाही.

चौकीतले साहेब त्रासलेले. सगळं ऐकून म्हणाले, बाई, तुमचं काय चोरीला गेलं? मी म्हटलं, माझं नाही, ह्या काकूंचं गेलंय आधी. मग आधीच का नाही आलात? ते म्हणाले. मग नुसता फोन आला ही काय तक्रार झाली का, असं विचारून ते दुसऱ्या कामाला लागले. मी बाकावर बसून राहिले. म्हटलं, लिहून घेईपर्यंत इथेच आहे, मला रात्रीचा स्वयंपाक नाही आज. शेवटी कंटाळून त्यांनी पेन उघडलं. बरं सांगा, फोनवर त्याने कोणाचं नाव घेतलं?

आणि मी गप्प. मी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी माझ्याकडे. त्यांचा नवरा, माझा सासरा. साहेब म्हणाले, आता नावच सांगत नाही तर लिहू काय मी? शेजारच्या टेबलावरचा हवालदार हसला. म्हणाला, उखाण्यात सांगा की.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मनात आलं, त्या भामट्याने हे नाव दोनदा घेतलं, एकदा माझ्या कानात आणि एकदा आमच्या उंबऱ्यावर, आणि त्याला काही वाटलं नाही. मग मीच का जीभ चावून बसायचं? उभी राहिले आणि मामंजींचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं मोठ्याने म्हटलं. जन्मात पहिल्यांदा. बाहेरच्या बाकावरची माणसंसुद्धा आत डोकावली. मला वाटलं सासूबाई आता काय म्हणतील.

त्या म्हणाल्या, "परत घे. साहेबांना नीट ऐकू आलं नसेल."

परत घेतलं. मग समोरची सूनही उठली आणि तिने तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, उखाण्याशिवाय, आणि त्या दुपारी फोनवर काय काय झालं ते पहिल्यापासून. हवालदार हसायचा थांबला होता. साहेबांनी विचारलं, दागिना कोणाचा? आता काकू पुढे झाल्या. मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो.

"पाटल्या माझ्या. सुनेने कुणाला दिल्या नाहीत, चोराने फसवून नेल्या. असंच लिहा. आणि काय लिहिलंत ते मला वाचून दाखवा."

साहेबांनी वाचून दाखवलं. काकूंनी सुनेकडे न बघता तिचा हात धरला आणि चौकीच्या पायऱ्या उतरल्या.

पाटल्या काही परत आल्या नाहीत. माणूस सापडला की नाही तेही कुणी कळवलं नाही. पण आमच्या गल्लीत तसा फोन पुन्हा कुणाला आला नाही, कारण बायका आता पाण्याच्या रांगेत, दळणाच्या गिरणीत एकमेकींना हेच सांगत होत्या, की नाव त्याने सांगितलं तरी ऐकायचं नाही, घरात माणसाला काय हाक मारतात ते सांग म्हणावं. मे महिन्यात समोरची सून माहेरी गेली ती सणाला जावं तशी, आणि सुट्टी संपायच्या आत काकू स्वतः स्टेशनवर तिला आणायला उभ्या.

तर असं आहे बघ. तुझे पैसे परत मिळतील असं मी म्हणत नाही. मला ते माहीतच नाही. पण तू गप्प बसलीस तर उद्या तुझ्या घरात कुणीतरी म्हणेल, हिनेच कुठे उडवले असतील, आणि तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला तो मेसेज उठणार नाही. लोक हसले तर हसू देत. हवालदारही हसलाच होता.

घोडबंदर रोडवरून डोंबिवली काही सातासमुद्रापार नाही. ह्या रविवारीच ये, एकटी ये, मोबाइल घेऊन ये. आधी दोघी चौकीत जाऊ, मग घरी येऊन जेवू. लवकर ये गं, मी वाट बघतेय.