चोरखमाऱ्याचा कोठा

चोरखमारा तलावाच्या वरच्या अंगाला, जंगलाला खेटून, कामठ्याच्या इंदरलाल पटलेंच्या घराण्याचा जुना कोठा होता. कोठा म्हणजे गुराढोरांचा गोठा, पण हा साधा नव्हता. मालगुजारीच्या काळात धानाची रोवणी लागली की घराण्याची सारी ढोरं चराईला इथे आणून सोडत, आणि त्यांच्यामागे घरातला एखादा माणूस, बहुधा ज्याचा घरात कुणालाच उपयोग नसे असा. सागाचे कवेत न मावणारे खांब, वर कवेलूंचं छप्पर, मधे ढोरांची लांब ओसरी आणि एका टोकाला मालकांनी येऊन उतरावं म्हणून उंच जोत्याची एक खोली. मालक क्वचितच उतरले. ढोरं मात्र पिढ्यान्‌पिढ्या हगत राहिली.

१९९९ साली बिनउपयोगाच्या माणसाची पाळी खुशालवर आली. इंदरलालचा हा धाकटा मुलगा बोलताना अडखळायचा, आणि चारचौघांत अडखळणारा मुलगा बापाला नको होता. नव्या नवरीसकट त्याला कोठ्यावर धाडलं. नवरी होती भूमेश्वरी. सासू रामकलीबाईनं तिची पाठवणी करताना सांगितलं, "दोन-चार महिने राहा, मंग बोलावतो." बोलावणं कधी आलंच नाही.

तिचा भासरा, म्हणजे खुशालचा थोरला भाऊ भुवनेश्वर, नागपूरला कॉलेजात शिकवायचा. वर्षातून एकदा, दिवाळीत गायी पूजतात त्या गायगोधनाच्या दिवशी, तो गाडी घेऊन कोठ्यावर यायचा. नाकाला रुमाल लावून एका गायीच्या कपाळाला कुंकू टेकवायचा, पूर्वज माळव्यातून कसे आले ते ड्रायव्हरला सांगायचा आणि बूट खराब व्हायच्या आत परतायचा. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी बोलायचं नाही ही रीत. भूमेश्वरीला ती रीत फार आवडे. बोलावं असं त्या माणसात तिला काही दिसलंच नव्हतं.

२००५ च्या पावसाळ्यात खुशालला मेंदूचा ताप चढला आणि तो गेला. तापातच कामठ्याला निरोप गेला होता. भुवनेश्वर आला तो तेरवीला, आणि पंगतीत वरण पातळ झालं म्हणाला. भूमेश्वरीनं सासूजवळ शब्द टाकला, पोरीला, रुचिला, घेऊन कामठ्याला येऊ का. रामकलीबाई म्हणाल्या, "मंग ढोरं कोण पाह्यल?"

त्यानंतर तिनं कुणाला काही विचारलं नाही. गळक्या बाजूला टिन टाकलं. ओसरीला नुसते आडवे बांबू होते, तिथे लोखंडी दार बसवलं. उंच खोलीत सिमेंटची फरशी केली. म्हशींचं दूध तिरोड्याला जाऊ लागलं, रुचि शाळेत जाऊ लागली, आणि कोठा, जो तिला पहिल्या दिवसापासून घाणेरडा वाटत आला होता, तो घाणेरडाच पण राहण्याजोगा झाला.

२०१२ च्या हिवाळ्यात भुवनेश्वर पहिल्यांदाच गायगोधनाशिवाय आला. संगे जुन्या वास्तू जपणाऱ्या कुठल्याशा मंडळाची चार माणसं. त्यातली एक बाई सागाच्या खांबावरून हात फिरवीत म्हणाली, "माणूस आणि जनावर एकाच छपराखाली. किती सुंदर जगणं." भूमेश्वरी तेव्हा शेणाची पाटी घेऊन तिच्या मागून चालली होती. बाईनं साडी आवरून घेतली. फोटो काढणाऱ्यानं भूमेश्वरीला गवऱ्यांपाशी जरा बसून राहायला सांगितलं. ती बसली नाही.

मग भुवनेश्वर खाटेवर बसून समजावू लागला. असा कोठा जिल्ह्यात दुसरा उरलेला नाही. घराण्याचा ठेवा आहे, जपला पाहिजे. टिन, दार, फरशी काढून तो मूळ रूपात आणावा लागेल. आणि हो, राहतं घर म्हणून वापर बंद करावा लागेल.

भूमेश्वरीनं पदर पुढे ओढला आणि बारा वर्षांच्या पोरीकडे तोंड केलं. "रुचि, तुह्या मोठ्या बाबूजीले विचार, हे सोनं त्यायले कधी दिसलं?"

भुवनेश्वर समोरच होता, पण तोही रुचिलाच म्हणाला, "आईला सांग, वारशाची किंमत शिकल्याशिवाय कळत नाही."

"त्यायले सांग, तुहा बाप गेला तवा मी निंघू का म्हनलं, तं घरचे म्हनले ढोरं कोण पाह्यल. आता काऊन काढून राहिले? ढोरं वारशात नाई येत का?"

खांब कुरवाळणारी बाई हसली. भुवनेश्वरचे कान लाल झाले.

तिनं भांडण केलं नाही. भांडण बरोबरीच्या माणसाशी करायचं असतं, असं तिचं मत होतं. बोदलकश्याला खुशालच्या वाट्याची धानाची बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, होती. तिथे पुढच्या उन्हाळ्यात तिनं विटांच्या दोन खोल्या उठवल्या आणि म्हशी घेऊन निघून गेली. निघताना रुचि रडली. "ज्या घरात गोचिड पायावर चढते त्याच्यासाठी रडत नसतात," भूमेश्वरी म्हणाली.

मंडळानं कोठा रंगवला, अंगण सारवलं, एक कोरी करकरीत बैलगाडी आणून उभी केली. शेणाचा वास तेवढा गेला नाही. भुवनेश्वर रिटायर होऊन दर रविवारी पाहुण्यांसमोर उभा राहू लागला. म्हातारपणी बोलायला माणसं मिळाली, त्याचं भलं झालं.

भूमेश्वरीला खरा राग आला तो २०१८ मध्ये. कॉलेजात गेलेली रुचि रविवारी कोठा दाखवायला जायला लागली.

"कायले जातं तिथं? त्यायची नोकर हायेस का?"

"मले आवडते तो कोठा, आई. मी तिथंच वाढलो."

"आवडून आवडला तं उकिरडा."

तरी एका रविवारी, चारा आणायच्या निमित्तानं, ती तिकडे गेली आणि मोहाच्या झाडाखाली थांबली. उंच जोत्यावर भुवनेश्वर सांगत होता, की या खोलीत बसून पूर्वज गावाचे न्यायनिवाडे करीत. हे तिनं प्रथमच ऐकलं. पाहुण्यांपैकी एकीनं रुचिला विचारलं, "तुम्हीही याच घराण्यातल्या ना?"

"हो," रुचि शांतपणे म्हणाली. "याच खोलीत माझा जन्म झाला. आईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा बाबांनी कामठ्याला निरोप धाडला. घरून गाडी आली नाही. गाई दोहायला येणारी म्हातारी होती, तिनं मोकळं केलं. माझे बाबाही इथेच वारले. तेव्हाही गाडी आली नाही. घराण्याचा इतिहास सांगायचा तर एवढंही सांगायला पाहिजे."

एका म्हाताऱ्या पाहुण्यानं उगाच चपला काढून ठेवल्या. भुवनेश्वरनं खिशातून रुमाल काढला आणि तो कुठे लावावा हे न सुचून तसाच हातात धरून उभा राहिला.

भूमेश्वरी कुणाला न दिसता परतली. संध्याकाळी शेजारच्या सुलोचनाबाईंनी विचारलं, "पोरगी अजून जातेच का त्या कोठ्यावर?"

"जाते नं," म्हशीच्या आचळांना पाणी मारत भूमेश्वरी म्हणाली. "जाऊ दे. काई लोकायले बाईमानसाकडून एकदा आयकाच लागते. माह्याच्यानं तं त्या मानसाशी बोलवत नाई."