जांभळ्या काठापाशी

हुबळीच्या दवाखान्यात माझी बुरशीच्या अ‍ॅलर्जीची चाचणी होती. हातावर थेंब टाकून सिस्टरने सुई टोचली आणि मला बाकावर बसवलं. मी घामाघूम, शेजारी तसाच टोचलेला हात मांडीवर धरून एक बाई दुर्गदबैल बाजारातल्या साड्यांवर अखंड बोलत होत्या.

"अक्का, जरा दम घ्या की!"

"नको अण्णा. या चाचणीत माझ्या बहिणीचा घसा आवळला, तिला हाकही मारता आली नाही. मी गप्प झाले तर तुम्ही ओरडा."

जांभळ्या काठापाशी त्या अचानक थांबल्या. मी ओरडलो. घरी माझं कुणी ऐकत नाही. त्या दिवशी अख्खा दवाखाना धावला.

इंजेक्शननंतर श्वास परतला, तशा त्या पुटपुटल्या, "तर तो जांभळा काठ..."

साडीची गोष्ट मी जन्मात प्रथमच शेवटपर्यंत ऐकली.